स्मृती आणि मज्जापेशींच्या जोडण्या : एका अनुमानाचा इतिहास

१

शिकलेली गोष्ट लक्षात राहते, तेव्हा शरीरात नेमके काय राहते, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या ‘थीएटेटस’ या संवादात मनाला मेणाच्या पाटीची उपमा दिलेली आढळते. भारतीय न्यायशास्त्राने अनुभव आणि स्मरण यांना जोडणारा दुवा म्हणून ‘संस्कार’ हा पदार्थ मानला. मात्र त्याचे अधिष्ठान शरीर नसून आत्मा होय, असे सांगितले. ‘मनावर ठसा उमटणे’ यासारखे मराठीतील रूढ प्रयोगही याच कोटीतील होत. या सर्वांत गृहीत धरलेली गोष्ट एकच : अनुभवाने काहीतरी बदलते आणि तो बदल मागे उरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या उपमांच्या जागी एक निश्चित व तपासून पाहता येण्याजोगे विधान आले. अध्ययनाने मज्जापेशींच्या परस्पर जोडण्यांच्या रचनेत फेरबदल होतो आणि तो फेरबदल हाच स्मृतीचा शारीर आधार होय, असे ते विधान.

या विधानाचा इतिहास बहुधा एका भाकिताच्या यशाची कथा म्हणून सांगितला जातो. १८९४ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी जे सांगितले ते विसाव्या शतकाने खरे करून दाखविले, असा या कथेचा सारांश. ही मांडणी खोटी नाही, पण ती अपुरी आहे. कल्पना जवळजवळ पूर्ण रूपात आरंभीच उपलब्ध होती. पुढील सव्वाशे वर्षांत बदलत गेले ते तिच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या प्रमाणाचे स्वरूप. कार्यकारणभाव ठरविण्यासाठी आपल्या तर्कशास्त्राने अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. जेथे अध्ययन तेथे रचनेतील बदल, हे दाखविणे म्हणजे अन्वय. तो बदल नाहीसा केला असता स्मृतीही नाहीशी होते, हे दाखविणे म्हणजे व्यतिरेक. पहिल्या कसोटीचा पुरावा १९६० नंतर साचत गेला. दुसऱ्या कसोटीस उतरणारा थेट प्रयोग होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. या दोहोंमधील अंतर का पडले आणि ते ओलांडल्यावर काय हाती आले, हे पाहणे उद्बोधक आहे.

२

१८७३ मध्ये इटलीतील अब्बियातेग्रासो या गावी, असाध्य रोग्यांसाठी असलेल्या एका रुग्णालयात काम करीत असताना कामिल्लो गोल्जी यांनी मज्जाद्रव्य रंगविण्याची एक नवी रीत शोधून काढली. पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या योगाने मेंदूच्या पातळ कापातील फारच थोड्या पेशी काळ्या होत. पण ज्या होत त्या आपल्या सर्व शाखांसह स्पष्ट दिसत. बाकीच्या पेशी अदृश्य राहत, हाच या रीतीचा मोठा गुण ठरला. कारण सर्वच पेशी रंगल्या असत्या तर त्या दाट जाळ्यात एकही पेशी वेगळी ओळखता आली नसती.

सांतियागो रामोन इ काहाल यांना या रीतीचा परिचय १८८७ मध्ये माद्रिद येथे झाला. तिच्यात सुधारणा करून १८८८ पासून त्यांनी जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली ही की, मज्जापेशी परस्परांत विलीन होऊन अखंड जाळे बनवीत नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र असून ती दुसरीच्या केवळ सान्निध्यात येते. दुसरी ही की, पेशीच्या शाखातंतूंवर बारीक काट्यांसारखे असंख्य उंचवटे असतात. या कंटकांना अनेकांनी रंजनक्रियेतून उद्भवलेला दोष मानले. तेव्हा काहाल यांनी १८९६ मध्ये मिथिलीन ब्ल्यू या अगदी वेगळ्या रंगद्रव्यानेही ते दाखवून दिले. १८९१ मध्ये वाल्डायर यांनी या स्वतंत्र पेशीस ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. दोन पेशींमधील संपर्कस्थानास शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ म्हटले. त्यालाच येथे मज्जासंधी म्हटले आहे.

पेशी स्वतंत्र आहेत असे ठरताच स्मृतीविषयीचा प्रश्न नव्या रूपात मांडणे शक्य झाले. अखंड जाळ्यात नवी जोडणी होण्यास वाव नसतो. जेथे दोन वस्तूंमध्ये अंतर आहे तेथेच ते कमी-अधिक होऊ शकते. १८९३ मध्ये इटालियन मनोरोगतज्ज्ञ एउजेनिओ तांत्सी यांनी असे सुचविले की, वारंवार उपयोगाने पेशींचे तंतू पुष्ट होऊन त्यांमधील अंतर घटते आणि त्यामुळे उद्दीपनाचा मार्ग सुलभ होतो. ८ मार्च १८९४ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या क्रूनियन व्याख्यानात काहाल यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. मानसिक व्यायामाने नव्या पेशी निर्माण होत नसल्या तरी विद्यमान पेशींना नव्या शाखा फुटतात व नव्या जोडण्या होतात, असा त्यांचा तर्क होता. तांत्सी यांचा भर जुनी जोडणी बळकट होण्यावर होता, तर काहाल यांचा नवी जोडणी निर्माण होण्यावर. आज चालू असलेल्या वादाचे दोन्ही पक्ष अशा रीतीने एका वर्षाच्या आत मांडले गेले होते.

तथापि दोघांकडेही प्रत्यक्ष पुरावा नव्हता. रंगविलेला काप मृत असतो. त्यात एका क्षणीची रचना दिसते, बदल दिसत नाही. एकाच पेशीची शिकण्यापूर्वीची व नंतरची अवस्था ताडून पाहण्याचा कोणताही मार्ग त्या काळी नव्हता.

३

यानंतरच्या अर्धशतकात ही कल्पना मागे पडली. याचे एक कारण खुद्द काहाल यांच्याच लेखनात सापडते. मज्जासंस्थेच्या ऱ्हासाविषयी व पुनर्जननाविषयी १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रौढ मेंदूतील मार्ग स्थिर व अपरिवर्तनीय असल्याचे त्यांनी नमूद केले. हे विधान इजेनंतरच्या पुनर्जननाच्या संदर्भातील होते. परंतु त्याच्या आधाराने ‘प्रौढ मेंदू बदलत नाही’ असा सर्वसाधारण सिद्धान्त रूढ झाला. विशिष्ट संदर्भातील विधान सर्वत्र लागू केल्याने शास्त्रात किती काळ संभ्रम राहू शकतो, याचे हे एक ठळक उदाहरण होय. मज्जापेशींच्या स्वातंत्र्याविषयीचा वादही सहजासहजी मिटला नाही. १९०६ मध्ये गोल्जी व काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा गोल्जी यांनी आपल्या पारितोषिक-व्याख्यानात त्या सिद्धान्तावरच टीका केली.

दुसरे कारण प्रायोगिक होते. १९०४ मध्ये रिचर्ड झेमोन यांनी स्मृतीच्या शारीर खुणेस ‘एन्ग्राम’ ही संज्ञा दिली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी या खुणेच्या शोधात सुमारे तीस वर्षे घालविली. उंदरांना चक्रव्यूहातील वाट शिकवावयाची, मग मेंदूच्या बाह्यकाचे निरनिराळे भाग छेदावयाचे आणि स्मृती कोठे नष्ट होते ते पाहावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. १९५० मध्ये या शोधाचा आढावा घेताना त्यांना कोणतेही एक स्थान दाखविता आले नाही. बाह्यकाचा किती भाग नष्ट केला यावर दोषाचे प्रमाण अवलंबून असते, कोणता केला यावर नव्हे, असा त्यांच्या प्रयोगांचा कल होता. लॅश्ली यांचा प्रयोग हा वस्तुतः व्यतिरेकाचाच प्रयत्न होता. त्यांचे शस्त्र मात्र हजारो जोडण्या एकदम तोडणारे होते. आणि जी खूण अनेक स्थानी विखुरलेल्या सूक्ष्म बदलांची बनलेली असेल, ती अशा शस्त्राला सापडणे शक्य नव्हते.

लॅश्ली यांचेच शिष्य डॉनल्ड हेब यांनी ही कोंडी सैद्धान्तिक पातळीवर फोडली. त्यांच्या १९४९ मधील ग्रंथाचा गाभा असा की, एक पेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वरचेवर भाग घेत राहिली, तर त्यांच्या संपर्कस्थानी वाढीचा किंवा चयापचयाचा काही बदल घडून ती जोडणी अधिक परिणामकारक होते; आणि अशा रीतीने परस्परांशी बांधले गेलेले पेशींचे समूह हेच स्मृतीचे घटक होत. हा समूह विस्तृत क्षेत्रात पसरलेला असल्याने त्याचा काही भाग कापला तरी उरलेला काम करू शकतो. लॅश्ली यांचे निष्कर्ष आणि जोडण्यांची कल्पना यांचा असा मेळ बसला. १९४८ मध्ये पोलंडचे येझी कोनोर्स्की यांनीही स्वतंत्रपणे जवळजवळ असाच विचार मांडला होता.

४

१९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मज्जासंधीचे अस्तित्व निर्विवाद केले. दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते, हे दिसून आले. १९५९ मध्ये ग्रे यांनी बाह्यकातील कंटकांवर मज्जासंधी असतात हे दाखविले. ज्यांस दोष म्हणून हिणविले गेले होते ते उंचवटे जोडण्यांचीच स्थाने ठरले.

रचना बदलते याचा पहिला भरीव पुरावा कॅलिफोर्नियातील बर्कली येथून आला. हेब यांनी काही उंदीर घरात मोकळे वाढविले असता ते पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा लवकर शिकतात असे आढळले होते. रोझेन्झवाइग, क्रेच, बेनेट व मॅरियन डायमंड यांनी हाच विचार पद्धतशीर प्रयोगात उतरविला. एकाच विणीतील उंदरांपैकी काही खेळण्यांनी भरलेल्या प्रशस्त पिंजऱ्यात समूहाने, तर काही एकटे व रिकाम्या पिंजऱ्यात ठेवण्यात आले. पहिल्या गटाचा बाह्यक अधिक जाड असल्याचे १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये व्होल्कमार व ग्रीनो यांनी अशा उंदरांच्या दृष्टिक्षेत्रातील पेशींना अधिक शाखा असल्याचे दाखविले.

येथे अन्वय मिळाला, परंतु तो निर्दोष नव्हता. समृद्ध पिंजऱ्यातील उंदीर केवळ शिकत नव्हते. ते अधिक धावत होते, अधिक उद्दीपित होत होते. मग बदल अध्ययनाचा की श्रमाचा? या शंकेचे निरसन करणारा प्रयोग ग्रीनो यांच्या गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांच्या एका गटाला अडथळ्यांचा अवघड मार्ग ओलांडण्याचे कसब शिकविण्यात आले. दुसऱ्या गटाकडून केवळ भरपूर धावण्याचा व्यायाम करवून घेण्यात आला. कसब शिकलेल्यांच्या अनुमस्तिष्कात मज्जासंधींची संख्या वाढली. केवळ धावलेल्यांच्या ठिकाणी रक्तकेशिका वाढल्या, मज्जासंधी नव्हेत. अध्ययन व श्रम यांचे परिणाम असे वेगळे करता आले.

याच संदर्भात आणखी एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. जोडण्यांची वाढ म्हणजेच शिकणे, असे समीकरण मांडता येत नाही. हटेनलोखर यांनी १९७९ मध्ये मानवी मेंदूच्या अग्रभागातील मज्जासंधींची मोजणी केली, तेव्हा वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्यांची घनता प्रौढांपेक्षा सुमारे दीडपट असून पुढे ती घटत जाते असे आढळले. म्हणजे ज्या वयात मूल सर्वाधिक शिकते त्या वयाच्या बऱ्याच भागात जोडण्या कमी होत असतात. उलटपक्षी, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात शोना चटर्जी व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये दाखविले की, दीर्घकाळच्या ताणामुळे उंदरांच्या हिपोकॅम्पसमधील शाखा आखडतात, तर भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डालामधील शाखा वाढतात. म्हणून प्रश्न जोडण्या किती वाढल्या हा नसून कोणत्या टिकल्या आणि कोणत्या गेल्या, हा आहे.

५

दरम्यान याच समस्येकडे दुसऱ्या दिशेने, म्हणजे कार्याच्या बाजूने, जाण्याचा प्रयत्न चालू होता. १९५७ मध्ये स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांनी ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अपस्मारावरील उपचार म्हणून हिपोकॅम्पस व लगतचा भाग दोन्ही बाजूंनी काढल्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनाशा झाल्या होत्या. त्यामुळे संशोधकांचे लक्ष या भागाकडे वळले. १९७३ मध्ये टिमथी ब्लिस व टेर्ये लोमो यांनी ओस्लो येथील प्रयोगांच्या आधारे असे दाखविले की, भूल दिलेल्या सशाच्या हिपोकॅम्पसकडे येणाऱ्या तंतूंना जलद विद्युत्-स्पंदने दिली असता तेथील जोडण्यांचा प्रतिसाद वाढतो आणि ही वाढ कित्येक तास टिकू शकते. हेब यांना अभिप्रेत असलेल्या बदलाचा एक नमुना अशा प्रकारे हाती आला.

एरिक कँडेल व त्यांचे सहकारी यांनी प्राणी निवडला तो अप्लिशिया हा सागरी शंबुक. त्याच्या मज्जापेशी मोठ्या, थोड्या व एकेक करून ओळखता येण्याजोग्या असतात. स्पर्श होताच कल्ला आत ओढून घेणे या त्याच्या साध्या प्रतिक्षेपातही दोन प्रकारची स्मृती दिसते : एका आघातानंतरची काही मिनिटांची, आणि अनेक आघातांनंतरची काही दिवसांची वा आठवड्यांची. पहिल्या प्रकारात असलेल्या प्रथिनांतच रासायनिक बदल होतो. दुसऱ्यासाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. फ्लेक्स्नर व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्येच प्रथिननिर्मिती रोखणाऱ्या प्युरोमायसिन या द्रव्याने लहान उंदरांतील स्मृती लोपते असे दाखविले होते. नवी प्रथिने कशासाठी लागतात, याचे एक उत्तर आता मिळाले. क्रेग बेली व मेरी चेन यांनी १९८३ मध्ये व पुढे १९८८ मध्ये दाखविल्याप्रमाणे, दीर्घकालीन संवेदनीकरणानंतर संवेदी पेशीच्या संपर्कस्थानांची संख्या सुमारे दुप्पट होते. सवयीने प्रतिसाद मंदावलेल्या प्राण्यांत संपर्कस्थानांची क्रियाशील क्षेत्रे घटतात. अल्पकालीन स्मृतीत तांत्सी यांचा विचार व दीर्घकालीन स्मृतीत काहाल यांचा विचार, अशी जणू वाटणी येथे झालेली दिसते. या कार्यासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटा मिळाला.

६

एवढे होऊनही मृत कापाची मर्यादा कायम होती. शिकलेला प्राणी व न शिकलेला प्राणी यांची तुलना होत होती. एकाच जोडणीची आधीची व नंतरची अवस्था कोणीही पाहिलेली नव्हती. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी तयार केलेला द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शक आणि काही मज्जापेशींत प्रकाशमान प्रथिन असलेले जनुकबदल केलेले उंदीर, या दोहोंच्या साहाय्याने जिवंत मेंदूतील एकच कंटक आठवडेच्या आठवडे पाहत राहणे शक्य झाले.

पहिले निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध निघाले. डिसेंबर २००२ मध्ये एकाच नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. स्वोबोदा यांच्या गटाला स्पर्शक्षेत्रातील कंटकांचा बराच भाग दिवसा-दिवसांत येत-जात असल्याचे दिसले. ग्रुट्झेन्डलर, कस्तुरी व गान यांना प्रौढ उंदराच्या दृष्टिक्षेत्रातील सुमारे ९६ टक्के कंटक महिनाभर जसेच्या तसे आढळले. एका गटाने कवटीचा तुकडा काढून काच बसविली होती, दुसऱ्याने कवटी घासून पातळ केली होती. उंदरांचे वय व मेंदूचे क्षेत्रही भिन्न होते. पाहण्याच्या साधनामुळेच पाहावयाची वस्तू बदलत नाही ना, ही शंका काहाल यांच्या काळी रंजनाविषयी होती, तीच येथे नव्या रूपात उभी राहिली.

दरम्यान २००४ मध्ये मात्सुझाकी, कासाई व त्यांचे सहकारी यांनी मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या कापातील एकाच कंटकावर ग्लुटामेट मुक्त करून तेवढाच कंटक फुगतो व त्याची संवेदनक्षमताही वाढते, असे सिद्ध केले. कार्य व आकार यांचा संबंध आता एका जोडणीपुरता निश्चित झाला. २००९ मध्ये झुओ व गान यांच्या गटांनी अध्ययन व कंटक यांची सांगड जिवंत प्राण्यात घातली. उंदराला पंज्याने बी उचलण्याचे शिक्षण देऊ लागताच तासाभरात त्याच्या चालक क्षेत्रात नवे कंटक उगवतात. त्यांतील थोडेच टिकतात, आणि पुढे सराव चालू ठेवल्यास ते टिकून राहतात. शिकणे म्हणजे निर्मिती व निवड यांची जोड होय, हे येथे प्रत्यक्ष दिसले. अन्वयाची कसोटी यापेक्षा अधिक काटेकोरपणे पुरी होणे कठीण होते.

७

व्यतिरेकाचा प्रयोग २०१५ मध्ये अकिको हायाशी-ताकागी, कासाई व त्यांचे सहकारी यांनी केला. त्यांनी असे एक कृत्रिम प्रथिन घडविले की, जे नुकत्याच बळकट झालेल्या कंटकांतच साचते आणि निळा प्रकाश पडताच त्या कंटकांना आकुंचित करते. फिरत्या दांड्यावर तोल सावरण्यास शिकलेल्या उंदरांच्या चालक क्षेत्रावर असा प्रकाश टाकताच संपादन केलेले कौशल्य ढासळले. त्याच क्षेत्रातील, पण दुसरे कौशल्य शिकताना बळकट झालेले कंटक आकुंचित केले असता मात्र पहिल्या कौशल्यास बाधा आली नाही. लॅश्ली यांचे शस्त्र जेथे बोथट ठरले होते, तेथे प्रकाशाचे शस्त्र एका शिकवणुकीच्या जोडण्या दुसरीपासून वेगळ्या करू शकले.

परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी दोन संशोधनांनी या निष्कर्षाला मर्यादा घातल्या. श्निट्झर यांच्या गटाला जिवंत उंदराच्या हिपोकॅम्पसमधील कंटकांचे सरासरी आयुष्य एक ते दोन आठवड्यांचेच असल्याचे आढळले. येथे कायमचे म्हणावे असे काहीच उरत नाही. रायन, टोनेगावा व त्यांचे सहकारी यांनी उंदरांना एका विशिष्ट जागेची भीती शिकवून लगेच प्रथिननिर्मिती रोखली. अपेक्षेप्रमाणे संबंधित पेशींवर कंटक वाढले नाहीत आणि त्या जागी पुन्हा नेले असता उंदरांना भीती आठवली नाही. तथापि शिकताना क्रियाशील झालेल्या त्याच पेशी प्रकाशाने उद्दीपित करताच उंदीर भीतीने थिजले. जोडण्या बळकट झालेल्या नसतानाही स्मृतीचे काहीतरी शिल्लक होते. त्या पेशींच्या परस्परांशी असलेल्या संबंधांच्या आकृतिबंधात ते असावे, असे या संशोधकांचे मत आहे.

या निष्कर्षांतून एक महत्त्वाचा भेद पुढे येतो. वर्तनाच्या कसोटीने जे मोजले जाते ते स्मरण होय. स्मृती हे त्यामागचे अनुमान आहे. कंटक आकुंचित केल्याने कौशल्य लोपले, यावरून स्मरणासाठी त्या कंटकांची आवश्यकता सिद्ध होते. त्यांच्याबरोबर स्मृतीचा समूळ नाश झाला, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. लॅश्ली यांच्या काळी खूण सापडत नाही म्हणून ती नाहीच, असे म्हणण्याचा मोह होता. आज खुणेचे एक अंग सापडले म्हणून तीच सर्व होय, असे म्हणण्याचा मोह तितकाच धोक्याचा आहे. शिवाय हे निर्णायक प्रयोग शंबुक, ससे व उंदीर यांवरील आहेत. मानवाच्या बाबतीत चुंबकीय प्रतिमा मेंदूच्या एखाद्या भागाचा आकार दाखवू शकतात, एकेक मज्जासंधी नव्हे.

एवंच, अध्ययनाने जोडण्यांची रचना बदलते हे काहाल यांचे अनुमान आज प्रत्यक्षाने सिद्ध झाले आहे, आणि शिकलेले वर्तन त्या बदलांवर अवलंबून असते हेही निदान काही प्रकरणांत व्यतिरेकाने सिद्ध झाले आहे. जोडण्यांची वाढ, त्यांचे बळ आणि त्यांचा आकृतिबंध या तिहींपैकी दीर्घकालीन स्मृतीचे वहन मुख्यतः कोण करते, आणि एकेक जोडणी काही आठवड्यांत बदलत असता एखादी आठवण आयुष्यभर कशी टिकते, हे प्रश्न मात्र खुले आहेत. त्यांचा निर्णय व्हावयाचा तर, आकृतिबंध तेवढा बदलून जोडण्यांचे बळ कायम ठेवणारा, किंवा याच्या उलट करणारा, प्रयोग रचावा लागेल. १८९४ मधील व्याख्यानाने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हेच आजचे रूप होय.